फोरमनची पेटी

पहाटे साडेचारच्या सुमाराला फोरमन पहिली बांग द्यायचा, आणि ट्रंकवाले त्याच्याही आधी परसात स्टूल टाकून बसलेले असायचे. फोरमन म्हणजे कोंबडा. तांबडा-काळा, छाती पुढे काढलेला, चार कोंबड्यांच्या कामावर नजर ठेवत दिवसभर परसात फेऱ्या मारणारा. ट्रंकांच्या कारखान्यात ज्या फोरमनची बोलणी खात ट्रंकवाल्यांनी चाळीस वर्षं काढली, त्याची चाल हुबेहूब अशीच होती. फरक इतकाच, की त्या फोरमनचा आवाज त्यांना नकोसा व्हायचा, आणि ह्याच्या आवाजासाठी ते अंधारात उठून बसायचे.

त्याला कारण होतं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडा चालवल्यावर कान शाबूत राहत नाहीत. आधी चिमण्या गेल्या, मग दारावरची घंटा गेली, आणि गेल्या तीन वर्षांत माणसांचं बोलणंही गेलं. नुसते ओठ हलताना दिसायचे आणि कानात भुणभुण. एक फोरमन तेवढा उरला होता. गल्ली गप्प असताना त्याची पहाटेची बांग अख्खी ऐकू यायची: सुरुवातीची खरखर, मग वर चढणारा सूर आणि शेवटी फाटका आवाज. ती ऐकली की ट्रंकवाल्यांना बरं वाटायचं. आजही आपण जगात आहोत, असं वाटायचं.

लेकीला सांगायला काय हरकत होती? हरकत होती कोपऱ्यावरच्या घरातली. तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला ऐकू येईनासं झालं, तेव्हा मुलांनी प्रेमापोटीच आधी त्याची सायकल काढून घेतली, मग त्याचं बाजारात जाणं बंद केलं, आणि मग त्याला आरामखुर्चीत टीव्हीसमोर बसवलं. तो अजून तिथेच आहे. ट्रंकवाल्यांनी त्या खुर्चीची धास्ती घेतली होती. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघायचं, ओठांवरून जमेल तेवढं उचलायचं, आणि नाही जमलं तर हसून म्हणायचं, "हो हो, बरोबर."

दहापैकी नऊ वेळा हे खपून जायचं. माणसांना उत्तर कुठे हवं असतं, त्यांना होकार हवा असतो. दहाव्या वेळी मात्र घोटाळा व्हायचा. चहाचंच बघा. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या कुठल्याशा प्रश्नाला त्यांनी असंच 'हो हो' म्हटलं असावं, आणि तिचा चहा एकाएकी पाकासारखा गोड झाला. ट्रंकवाल्यांना गोड चहा मुळीच आवडत नसे. पण असं का झालं हे विचारायचं म्हणजे बोलणं वाढणार, आणि बोलणं वाढलं की बिंग फुटणार. ते मुकाट्याने पाक पीत राहिले.

शेजारच्या रिकाम्या घरात हॉस्पिटलातली सिस्टर राहायला आली आणि असाच दहावा प्रसंग पुन्हा घडला. सिस्टर दुसऱ्या पाळीला होती. घरी येऊन आडवी व्हायला तिला एक वाजायचा, आणि तिच्या झोपायच्या खोलीची खिडकी दोन्ही परसांमधल्या सामाईक भिंतीच्या अगदी वर. साडेचारला फोरमन तिच्या उशाशी. पहिल्या आठवड्यात ती भिंतीपाशी आली, आणि नवी शेजारीण म्हणून संकोचाने, मान खाली घालून म्हणाली, "काका, तुमच्या कोंबड्यामुळे माझी झोप होत नाही हो. काही करता येईल का?"

मान खाली असल्यामुळे ओठ दिसले नाहीत. "हो हो, बरोबर," ट्रंकवाले हसून म्हणाले.

सिस्टर खूश होऊन घरात गेली. दुसऱ्या दिवशी साडेचारला बांग. आठवड्याने ती पुन्हा आली आणि पुन्हा "हो हो, बरोबर" ऐकून गेली. तिसऱ्या खेपेला तिचा तोल सुटला. तावातावाने बोलणाऱ्या माणसाचे ओठ वाचणं फार कठीण. ट्रंकवाल्यांना वाटलं, तिला अंडी हवी असावीत. त्यांनी आतून चार अंडी आणून तिच्या हातावर ठेवली. आता सांगा, ह्याला काय म्हणायचं? सिस्टरने निगरगट्टपणा म्हटलं, आणि तिचं काय चुकलं? ती तडक सेक्रेटरींकडे गेली.

आठ घरांच्या त्या रांगेचे सेक्रेटरी कागदाचे भोक्ते होते. नळ गळतो म्हणून कुणी तोंडी सांगितलं तरी ते अर्ज मागायचे. त्यांनी शिक्का मारून नोटीस पाठवली: 'आपल्या कोंबड्याच्या आवाजाबाबत तक्रार आली आहे. पंधरा दिवसांत आवाज बंद करावा, अन्यथा कोंबडा अन्यत्र हलवावा. सोळाव्या दिवशी पहाटे प्रत्यक्ष पाहणी होईल.'

कागदाचं एक बरं असतं, तो बोलत नाही तरी कळतो. ट्रंकवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

संध्याकाळी लेक पोस्टातून आली, तिने नोटीस वाचली आणि त्यांच्या समोर बसून म्हणाली, "बाबा, अंडी कोंबड्या घालतात. हा नुसता ओरडतो. देऊन टाकू या ना कुणाच्या शेतावर."

हे सगळं त्यांना ओठांवरून स्वच्छ कळलं. "नाही," ते म्हणाले.

"पण का?"

खरं कारण गळ्यापर्यंत आलं होतं. "परसाची शोभा आहे तो," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले. लेकीने नोटीस घडी करून कपाटावर ठेवली. बापाच्या असल्या तुटक उत्तरांची तिला सवय झाली होती, पण सवय झाली म्हणून वाईट वाटायचं थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रंकवाले कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दाणेवाल्याकडे गेले. तिथे भरडायची चक्की अखंड चालू असायची, त्यामुळे सगळेच समोरासमोर तोंड मोठं उघडून, हातवारे करत ओरडायचे, आणि ट्रंकवाले तिथे चारचौघांसारखे होऊन जायचे. दाणेवाला ओरडला, "कोंबड्याला मान ताणता आली नाही तर त्याला मोठी बांग देता येत नाही! रात्री बसक्या पेटीत कोंडा! अंधार हवा! आणि हवा खेळती ठेवा, नाहीतर मरेल! उजाडलं, गल्ली जागी झाली, की सोडा बाहेर!"

पेटी! ट्रंकवाल्यांना हसूच आलं. जन्मभर दुसरं केलं काय? त्यांनी माळ्यावरून हातोडा, कातर आणि ऐरण काढली आणि तीन दिवसांत एक ट्रंक उभी केली. काय ट्रंक होती! कडा दुमडून ठोकलेल्या, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, वर निळा रंग. झाकण बसकं. हवेसाठी भोकं पाडायची वेळ आली तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ट्रंकेच्या दर्शनी अंगाला कुणी भोक पाडतं का? कारखान्यात असं कुणी केलं असतं तर फोरमनने ती ट्रंक त्याच्या डोक्यात घातली असती. त्यांनी दोन डझन भोकं पाडली ती मागच्या अंगाला, आणि पेटी ठेवली पाठ भिंतीला करून. म्हणजे बरोबर सिस्टरच्या खिडकीखाली.

चौथ्या दिवशी पहाटे ते स्टुलावर बसले. साडेचार झाले, पाच झाले, साडेपाच झाले. आवाज नाही. स्वतःची बांग गेली म्हणून मन खट्टू झालं खरं, पण फोरमन तरी वाचला. पहाटेची नाही तर नाही, साडेआठला जवळ बसून जमेल तेवढी ऐकू. त्यांनी समाधानाने पेटीवर थोपटलं.

आत काय चाललं होतं ते बाकीच्या सात घरांनी सांगावं. मान वर करता येईना म्हणून फोरमनने मान आडवी केली होती आणि भोकांना चोच लावून तो बोंबलत होता. त्याचं बोंबलणं पत्र्यात घुमून, भिंतीवर आपटून थेट वर चढत होतं; पेटीच्या पुढे बसलेल्या ट्रंकवाल्यांच्या अधू कानांपर्यंत तेवढं पोचत नव्हतं. नेहमीचा कोंबडा परवडला, असा तो कर्णा वाजत होता.

सिस्टर बाहेर आली ती केस मोकळे सोडून, डोळे लालभडक. भिंतीवर दोन्ही हात आपटून ती बोलत सुटली. त्याच वेळी पेटीतून आणखी एक बांग सुटली, तिच्या पोटाशीच. ती दचकली. ट्रंकवाले मात्र शांतपणे हसत तिच्याकडे बघत होते, अगदी काम फत्ते झाल्यासारखे.

सिस्टर बोलता बोलता थांबली. हॉस्पिटलात बारा वर्षं काढलेली बाई होती ती. तिने ट्रंकवाल्यांकडे निरखून पाहिलं, मग जांभई आल्यासारखा तोंडावर हात धरला आणि हाताआडून म्हणाली, "काका, तुमच्या पाठीवर विंचू चढलाय."

"हो हो, बरोबर," ट्रंकवाले म्हणाले.

सिस्टरने हात खाली घेतला. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "काका, किती दिवस झाले ऐकू येत नाही?"

हे वाक्य मात्र ट्रंकवाल्यांना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत कळलं. त्यांनी आधी मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दिवा लागला होता, पण दार बंद होतं.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "लेकीला सांगू नका. हा एकटाच येतो हो ऐकू. पहाटेचा. बाकी सगळं गेलं."

सिस्टरने भिंतीवर कोपरं टेकली. मग तिने भिंतीशी चिकटलेल्या भोकांकडे बोट दाखवलं, कानावर हात ठेवला, डोळे गच्च मिटले आणि असं काही तोंड वेडंवाकडं केलं, की ट्रंकवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अख्खी गल्ली जागी करून आपण पेटी थोपटत बसलो होतो! त्यांनी खजील होऊन पेटी भिंतीपासून मागे ओढली.

"परवा वॉर्डात मी औषधांचा ट्रे हातात घेऊन उभ्या उभ्या डोळे मिटले," सिस्टर म्हणाली. "एक गोळी इकडची तिकडे झाली तर माणूस जातो, काका. मला झोप हवीच. पण तुमचा कोंबडाही जायला नको. अकरा दिवस आहेत. तुम्ही पेटी सुधारा. ऐकायचं काम माझं."

"कसं?"

तिने तिच्या कपड्यांच्या दोरीवरचा लाल चिमटा काढून दाखवला. जितक्या वेळा ती जागी होईल तितके चिमटे ती दोरीला लावणार. ट्रंकवाल्यांनी सकाळी बघायचं.

"आणि कोंबडा राहिला, तर लेकीला तुम्ही स्वतः सांगायचं," ती म्हणाली. "कबूल?"

आयुष्यात पहिल्यांदाच ट्रंकवाल्यांना "हो हो, बरोबर" म्हणताना जड गेलं. पण म्हटलं त्यांनी.

त्यांनी पेटी उचलून परसाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि भोकांची बाजू आपल्याकडे फिरवली. दुसऱ्या सकाळी दोरीवर नऊ चिमटे. मग त्यांनी जुनी गादी उसवली, ट्रंकेत एक लाकडी खोकं बसवलं आणि दोघांच्या मधल्या फटीत कापूस ठासून भरला. सहा चिमटे. झाकण आणखी चार बोटं खाली घेतलं, फोरमनला आरामात बसता येईल पण मान ताठ होणार नाही एवढंच. चार. उरलेला आवाज येत होता तो भोकांतून, आणि भोकं बुजवली तर कोंबडा गुदमरणार. इथे ट्रंकवाल्यांचं डोकं दोन दिवस अडलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याचं एक नळकांडं वळवलं, तीन ठिकाणी काटकोनात दुमडलेलं, आतून कांबळं चिकटवलेलं. हवा वळणं घेत आत जाई. आवाज बाहेर यायला निघे आणि कांबळ्यात अडकून बसे. असली दोन नळकांडी त्यांनी पेटीला बसवली, तीही दर्शनी अंगाला, आणि त्याबद्दल मनातल्या मनात फोरमनची माफी मागितली. कारखान्यातल्या.

दोन चिमटे. कांबळ्याचा आणखी एक थर. एक चिमटा.

चौदाव्या दिवशी सकाळी दोरी रिकामी होती.

ट्रंकवाले दोरीकडे बघत राहिले आणि एकदम त्यांच्या काळजाचा ठोका चुकला. आवाज नाही म्हणजे फोरमन आत जिवंत आहे ना? धावत जाऊन त्यांनी झाकण उघडलं. फोरमनने डोळे मिचकावले, बाहेर उडी मारली, पंख झटकले आणि इतक्या दिवसांची कसर भरून काढत अशी एक बांग ठोकली, की ती ट्रंकवाल्यांना भर दिवसाउजेडीही ऐकू आली. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. सिस्टर मात्र त्या दिवशी अकरा वाजता उठली, आणि चिमट्यांची अख्खी पिशवीच तिने भिंतीवरून त्यांच्या हातात दिली.

सोळाव्या दिवशी पहाटे सेक्रेटरी वही, पेन आणि मफलर घेऊन पाहणीला आले. सिस्टरच्या परसात त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. साडेचारला त्यांनी वहीत वेळ लिहिली, पावणेपाचला पुन्हा लिहिली, आणि पाच वाजता मान छातीवर टाकून गाढ झोपले. साडेआठला ट्रंकवाल्यांनी पेटी उघडली तेव्हा फोरमनच्या बांगेने ते खडबडून जागे झाले. आता नाही म्हणायला त्यांना तोंड उरलं नव्हतं. त्यांनी खिशातून शिक्का काढला, त्यावर दोनदा हुः हुः केलं आणि कागदावर मारला.

फोरमन राहिला. आता शब्द पाळायचा होता.

लेक आंघोळ करून पोस्टात जायला निघाली होती. ट्रंकवाल्यांनी तिला दारातच थांबवलं. सगळं एका दमात सांगून टाकलं: कान, चिमण्या, घंटा, ओठ, म्हाताऱ्या ड्रायव्हरची खुर्ची, फोरमनची बांग. सांगताना ते तिच्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखे. तिचे ओठ हलेनात. डोळे मात्र भरून आले, आणि मग तिने पिशवी खाली ठेवली.

"तीन वर्षं, बाबा," ती म्हणाली. "आई गेल्यापासून मी काहीही बोलले की तुम्ही आपले हो हो, बरोबर. मी ऑफिसातलं सांगितलं, हो हो. मला ताप आला म्हटलं, हो हो. मला वाटलं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाही."

ट्रंकवाल्यांना शब्दन् शब्द कळला, आणि तो कळला नसता तर बरं झालं असतं, असं त्यांना क्षणभर वाटलं. ती खुर्ची चुकवायच्या नादात आपण काय काय घालवलं होतं! त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसा.

"खुर्चीत नाही ना बसवणार मला?" ते म्हणाले.

"बसाल तुम्ही?" लेक रडता रडता हसली.

मंगळवारी सिस्टरने त्यांना हॉस्पिटलात नेलं. कानांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, साचा घेतला, आणि तीन आठवड्यांनी दोन छोटी यंत्रं त्यांच्या कानांमागे बसली. घरी येताना ट्रंकवाले रस्त्यात जागोजागी थांबत होते. चपलांचा आवाज होतो, हे ते विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी साडेआठला त्यांनी नेहमीप्रमाणे झाकण उघडलं. फोरमन बाहेर आला, पंख झटकले, मान ताणली.

"अरे बाप रे बाप!" ट्रंकवाले दोन्ही कानांवर हात ठेवून मागे सरकले ते स्टुलाला अडखळले. एवढा ओरडतो हा मेला? हे ऐकत ही बाई महिनाभर निजत होती? ते तसेच भिंतीपाशी गेले. सिस्टर दात घासत उभी होती.

"सिस्टर, माझं चुकलं हो," ते हात जोडून म्हणाले. "मला खरंच कल्पना नव्हती. तुम्ही त्याला चिरला असतात तरी मी काही बोललो नसतो."

सिस्टरने चूळ भरली. मग जांभई आल्यासारखा तोंडावर हात धरला आणि हाताआडून हळूच म्हणाली, "काका, पाठीवर विंचू."

ट्रंकवाले ताडकन उडाले. सदरा झटकत, पाठीवर थपडा मारत ते स्वतःभोवती दोनदा फिरले, तेव्हा कोंबड्या चहूकडे पांगल्या आणि सिस्टर भिंतीला धरून खाली बसली. तिचं हसणं मोठं, घोगरं आणि अगदी बेशिस्त होतं. ट्रंकवाल्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं.

पाठीमागे स्वयंपाकघरात भांडं वाजलं. "बाबा," लेकीने आतूनच विचारलं, "चहा टाकतेय. घेणार ना? साखर नेहमीसारखीच?"

"हो हो, बरो..." ट्रंकवाल्यांच्या तोंडून सवयीने निघालं, आणि ते थांबले. वळून तिच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती.

"अर्धाच कप," ते मोठ्याने म्हणाले. "आणि साखर एक चमचा घाल गं बाई. तीन वर्षं पाक पितोय मी."